एएमपी-पीएनपी घातलं तरी फॉस्फेट येतंच: गडबड कुठे आणि कशी शोधायची

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "एटीपीच्या जागी एएमपी-पीएनपी घातलं. ते तुटत नाही म्हणतात. मग मॅलकाइट ग्रीनला हिरवा रंग आला कुठून?" (मॅलकाइट ग्रीन म्हणजे सुटं फॉस्फेट असलं की हिरवी होणारी चाचणी.) पाठोपाठ शेजारच्या बेंचवरून बरोबर उलटी तक्रार: "जीटीपीचा ॲनालॉग भरपूर घातला, तरी प्रोटीन ढिम्म." पहिल्या तक्रारीत संशय एन्झाइमवर जातो, दुसरीत प्रोटीनच्या फोल्डिंगवर, आणि पुन्हा नव्याने प्युरिफिकेशन सुरू होतं. ते करण्याआधी थांबा. ॲनालॉग, म्हणजे एटीपी-जीटीपीसारखाच पण तुटू नये म्हणून थोडा बदललेला रेणू, तुटणार की टिकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: बदललेला बंध कोणता, समोरचं एन्झाइम कोणतं आणि द्रावणाचा पीएच किती. या तिन्ही तपासायला एखादा दिवस पुरतो. प्रोटीन पुन्हा काढायला आठवडा जातो.

आधी रेणूची ओळख, थोडक्यात. एटीपी आणि जीटीपीत तीन फॉस्फेट ओळीने असतात: अल्फा, बीटा आणि टोकाचा गॅमा. गॅमा तुटला की एटीपीचं एडीपी उरतं, जीटीपीचं जीडीपी. एटीपीतल्या बीटा आणि गॅमा फॉस्फेटच्या मधल्या ऑक्सिजनच्या जागी एनएच बसवला की एएमपी-पीएनपी होतं, सीएच२ बसवला की एएमपी-पीसीपी. एटीपी-गॅमा-एसमध्ये मात्र मधला ऑक्सिजन तसाच राहतो, फक्त गॅमा फॉस्फेटवरच्या एका टोकाच्या ऑक्सिजनची जागा गंधक घेतं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. जीटीपीच्या बाजूलाही हीच तीन भावंडं: जीएमपी-पीएनपी, जीएमपी-पीसीपी आणि जीटीपी-गॅमा-एस.

हिरवा रंग आधी एन्झाइम नसलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) पाहा

मॅलकाइट ग्रीनचा रिएजंट म्हणजे मॉलिब्डेट आणि रंगद्रव्य, तेही चांगल्या तीव्र आम्लात. फॉस्फरस-नायट्रोजन बंधाला आम्ल सोसत नाही. म्हणजे पीएच ७.५ च्या बफरमध्ये एन्झाइमसोबत तासभर शाबूत राहिलेलं एएमपी-पीएनपी रिएजंट पडल्या क्षणापासून तुटायला लागतं, आणि सुटलेलं फॉस्फेट त्याच रिएजंटमध्ये रंग देतं. आकडा मांडून पाहा. वेलमध्ये १ मिलिमोलर एएमपी-पीएनपी असेल आणि त्यातलं फक्त १ टक्का तुटलं, तरी १० मायक्रोमोलर फॉस्फेट झालं. मॅलकाइट ग्रीनच्या स्टँडर्ड कर्व्हवर हा आकडा अगदी मधोमध, खराखुरा वाटावा असा पडतो. म्हणून तर फसायला होतं.

चार वेल लावा: नुसता बफर, बफर आणि एएमपी-पीएनपी, एन्झाइम आणि एएमपी-पीएनपी, एन्झाइम आणि एटीपी. शेजारी फॉस्फेटच्या स्टँडर्डची एक रांग. रिएजंट घालून तीच प्लेट २, १० आणि ३० मिनिटांनी वाचा. स्टँडर्डची रांग लवकरच स्थिरावते आणि मग फारशी हलत नाही. एएमपी-पीएनपी असलेल्या दोन्ही वेलचा रंग मात्र पिवळ्यावरून पोपटी, पोपटीवरून गडद हिरवा असा चढतच राहतो. एन्झाइम असलेला आणि नसलेला वेल बरोबरीने चढत असतील तर एन्झाइमचा यात काही हात नाही. तुटणं रिएजंटमध्ये होतंय. दोन्ही वेल पहिल्याच वाचनाला सारखेच हिरवे असतील आणि पुढे स्थिर राहिले, तर बाटलीतच मोकळं फॉस्फेट आहे. नुसत्या बफरचा वेलही हिरवा असेल तर बफर, पाणी नाहीतर काचेची भांडी तपासा. भांडी धुण्याच्या कित्येक पावडरींत फॉस्फेट असतं, म्हणून या कामासाठी बफर नव्या प्लास्टिकच्या नळ्यांतच बनवलेला बरा.

यावर उपाय सरळ आहेत. रिएजंट घातल्यावर ठरावीक मिनिटाला सोडियम सायट्रेट घाला. सायट्रेट मोकळं मॉलिब्डेट धरून ठेवतं, त्यामुळे नंतर सुटलेल्या फॉस्फेटला रंग देता येत नाही. स्टँडर्ड कर्व्हच्या प्रत्येक बिंदूत तेवढंच एएमपी-पीएनपी मिसळा, म्हणजे ब्लँक खरा वजा होतो. याहून चांगलं म्हणजे आम्लाचा मार्गच सोडा: एमईएसजी हे रसायन आणि प्युरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज हे एन्झाइम यांची जोडी तटस्थ पीएचला फॉस्फेट मोजते आणि वाचन ३६० नॅनोमीटरला घ्यायचं असतं. एएमपी-पीएनपीच्या प्रयोगाला मी नेहमी हीच पद्धत सुचवीन. आणि खात्रीच करून घ्यायची असेल तर तोच प्रयोग एएमपी-पीसीपी घेऊन करा. कार्बन-फॉस्फरस बंध आम्लाला दाद देत नाही. तिथे रंग गायब झाला तर प्रश्न मिटला.

हेच आम्ल आणखी एका वाटेने आत शिरतं. एचपीएलसीसाठी (कॉलमवर रेणू वेगळे करून शिखरांच्या रूपात दाखवणारी पद्धत) नमुन्यातली अभिक्रिया थांबवायची म्हणून परक्लोरिक किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घालायची जुनी सवय असते. एटीपीला ती चालून जाते. एएमपी-पीएनपीतून मात्र फॉस्फेट सुटून एएमपी-पीएन उरतं आणि क्रोमॅटोग्रामवर एक नवीन शिखर उगवतं. त्याला एडीपी समजून "एन्झाइमने तोडलं" असा निष्कर्ष लिहिला जातो. मॅग्नेशियमवर चालणारी अभिक्रिया मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएने थांबवा, आणि एडीपीचं स्टँडर्ड त्याच दिवशी त्याच कॉलमवर चालवल्याशिवाय कुठल्याही शिखराला एडीपी म्हणू नका.

बाटलीत आणखी काय काय आहे

१९८२ ची गोष्ट या कामात प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. फ्लोराइडने ॲडेनिलेट सायक्लेजचं (एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमचं) नियमन करणारं जी-प्रोटीन, म्हणजे जीटीपी बांधून चालू होणारं प्रोटीन, जागं होतं हे माहीत होतं, पण शुद्ध केलेल्या प्रोटीनवर त्यासाठी मॅग्नेशियमखेरीज आणखी एक अज्ञात घटक लागत होता. पॉल स्टर्नवाइस आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्याचा माग काढला तेव्हा तो निघाला ॲल्युमिनियम. तो येत होता विकतच्या न्यूक्लिओटाइडांतून (एटीपी, जीटीपीसारख्या रेणूंतून) आणि वापरून टाकायच्या काचेच्या टेस्ट ट्यूबमधून. फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम मिळून जीडीपीच्या शेजारी गॅमा फॉस्फेटची जागा घेत होते. गिलमन यांना पुढे १९९४ मध्ये मार्टिन रॉडबेल यांच्यासह जी-प्रोटीनसाठी नोबेल मिळालं. न्यूक्लिओटाइडच्या बाटलीतली अशुद्धी एवढा मोठा परिणाम घडवू शकते, तर आपल्या प्रयोगातही घडवू शकते.

आपल्या बाटल्यांत नेहमी सापडणारे पाहुणे म्हणजे एडीपी आणि थोडंसं एटीपी. एटीपी-गॅमा-एसमध्ये एडीपी जास्त असतं, कारण ते साठवणीतही हळूहळू तुटत असतं. ५ टक्के एडीपी ऐकायला किरकोळ वाटतं. १ मिलिमोलर ॲनालॉगमध्ये ते ५० मायक्रोमोलर होतं. तुमच्या प्रोटीनला एडीपी १ मायक्रोमोलरला बांधत असेल आणि ॲनालॉग १०० ला (आकडा लहान तितकी पकड घट्ट), तर प्रोटीनच्या न्यूक्लिओटाइड बसायच्या खिशात कोण बसणार हे उघड आहे.

याहून वाईट प्रकार पायरुव्हेट कायनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या जोडअसेमध्ये होतो, म्हणजे तयार झालेलं एडीपी या दोन एन्झाइमांकडे वळवून ३४० नॅनोमीटरला एनएडीएच किती घटलं ते मोजायच्या चाचणीत. बाटलीतलं एडीपी पहिल्या मिनिटातच एनएडीएच खातं, ३४० नॅनोमीटरची रेषा एकदम घसरते आणि मग सपाट होते. तो उतार एन्झाइमचा नाही. पण ते एडीपी आता कुठे गेलं? पायरुव्हेट कायनेजने त्याचं एटीपी केलं. म्हणजे 'एटीपी नसलेल्या' नळीत आपणच ५० मायक्रोमोलर एटीपी बनवलं, आणि एन्झाइमने तोडलं की पुन्हा भरून देणारी व्यवस्थाही शेजारीच ठेवली. न तुटणाऱ्या ॲनालॉगवर एन्झाइम संथ पण अखंड चालताना दिसतं ते बरेचदा यामुळे. ई. कोलायमधून काढलेल्या प्रोटीनसोबत ॲडेनिलेट कायनेजचा अंश आला असेल तर जोडअसे नसतानाही हे घडतं: दोन एडीपींचं एक एटीपी आणि एक एएमपी. ॲडेनिलेट कायनेजला अडवणारं एपी५ए घालून पाहा. चाल मंदावली तर गुन्हेगार सापडला.

एटीपी काढून टाकायचं असेल तर हेक्सोकायनेज आणि ग्लुकोज उत्तम. एएमपी-पीएनपीला ते हात लावत नाही. पण एटीपीचं एडीपी होतं, ते तिथेच राहतं. एडीपी ज्याला अडवतं अशा एन्झाइमसाठी ही नुसती अदलाबदल झाली. तिथे ऋणभारावरून रेणू वेगळे करणाऱ्या ॲनायन एक्स्चेंज कॉलमला पर्याय नाही.

शुद्धता पाहायला सी१८ कॉलम, पीएच ६.५ चा १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, १० मिलिमोलर टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड आणि ७.५ टक्के ॲसिटोनायट्राइल एवढं पुरतं. वाचन २६० नॅनोमीटरच्या आसपास. मास स्पेक्ट्रोमेट्रीवर विसंबणार असाल तर एक सापळा आहे. एएमपी-पीएनपीचं वस्तुमान ५०६.०१, एटीपीचं ५०७.००. एएमपी-पीएनपीतल्या कार्बन-१३ मुळे येणारं शेजारचं शिखर ५०७.०२ ला पडतं, म्हणजे एटीपीच्या अगदी अंगावर. साध्या यंत्रावर एटीपीचा अंश त्याखाली बेमालूम लपतो, किंवा नसलेलं एटीपी दिसतं. उच्च रिझोल्यूशनचं यंत्र नसेल तर एचपीएलसीवरच भरवसा ठेवा.

कात्री कुठे चालते

हा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त वेळा सुटणारा. एएमपी-पीएनपी आणि एएमपी-पीसीपी बीटा-गॅमा बंधाचं रक्षण करतात. अल्फा-बीटा बंध त्यांच्यात नेहमीसारखाच आहे. तुमचं एन्झाइम अल्फा आणि बीटाच्या मध्ये कात्री चालवत असेल तर या ॲनालॉगने काहीच अडत नाही. आरएनए पॉलिमरेज, डीएनए लायगेज, ॲमिनोॲसिल-टीआरएनए सिंथेटेज, ॲडेनिलेट सायक्लेज ही सगळी याच गटातली. रॉडबेल यांच्या प्रयोगशाळेने तर १९७० च्या दशकात ॲडेनिलेट सायक्लेजला सब्स्ट्रेट म्हणून मुद्दाम एएमपी-पीएनपीच दिलं: पटलातले एटीपेज (एटीपी तोडणारी एन्झाइम) ते खाऊन टाकत नाहीत आणि सायक्लेजला त्यातून सायक्लिक एएमपी बनवता येतं. अशा एन्झाइमसाठी अल्फा-बीटा बदललेला ॲनालॉग हवा, म्हणजे एएमपी-सीपीपी किंवा एएमपी-एनपीपी. बाटली मागवताना अक्षरांचा क्रम नीट वाचा. पीसीपी आणि सीपीपी यांत एवढा फरक आहे.

काही ॲनालॉग खरंच तुटतात

एटीपी-गॅमा-एसचा मधला ऑक्सिजन शाबूत असतो हे वर आलंच. त्यामुळे कित्येक एटीपेज त्याला संथपणे तोडतात, आणि स्नायूंतलं मायोसिन तर बऱ्यापैकी तोडतं. कायनेज, म्हणजे दुसऱ्या रेणूवर (सब्स्ट्रेटवर) फॉस्फेट चढवणारी एन्झाइम, त्याचा गंधकवाला थायोफॉस्फेट सब्स्ट्रेटवर चढवतात, आणि फॉस्फेटेजना तो सहज काढता येत नाही. त्या कामासाठी हा गुण मोलाचा आहे, पण 'फॉस्फोरिलेशन होऊ नये' म्हणून कायनेजला एटीपी-गॅमा-एस दिलं तर नेमकं तेच होईल. रेकए प्रोटीनच्या डीएनएवरच्या तंतूंना मात्र ते छान स्थिर ठेवतं, कारण तिथे तुटण्याचा वेग नगण्य आहे.

मायक्रोट्युब्यूलवर (पेशीतल्या, ट्युब्युलिन प्रोटीनच्या नळ्यांवर) काम करणाऱ्यांसाठी अल्फा-बीटा बदललेलं जीएमपी-सीपीपी असंच. १९९२ मध्ये अँथनी हायमन, टिमोथी मिचिसन आणि सहकाऱ्यांनी ते वापरून दाखवलं की जीटीपी तुटल्याशिवायही मायक्रोट्युब्यूल वाढतात, आणि न तुटल्यामुळे टिकून राहतात. पण त्यांनी त्याला संथ तुटणारा ॲनालॉग म्हटलं होतं, न तुटणारा नव्हे. 'सीड', म्हणजे पुढची वाढ सुरू करून देणारे मायक्रोट्युब्यूलचे तुकडे, रात्रभर ३७ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी का विरघळले, याचं उत्तर इथे असू शकतं. आपल्याकडे ट्युब्युलिन बहुधा बकऱ्याच्या मेंदूतून काढतात. त्याच्यासोबत जीटीपी आणि जीडीपी येतातच, म्हणून जीएमपी-सीपीपीचे सीड बनवताना एकदा खाली बसवून, थंड करून विरघळवून, पुन्हा ताज्या जीएमपी-सीपीपीत वाढवण्याचं दुसरं चक्र टाळू नका.

एएमपी-पीएनपीही सगळीकडे अभेद्य नाही. प्रोटीन कायनेज ए च्या स्फटिकात ते महिनोन्महिने ठेवल्यावर त्याचा गॅमा फॉस्फेट सब्स्ट्रेटच्या पेप्टाइडवर गेलेला दिसला आहे. ई. कोलायचं अल्कलाइन फॉस्फेटेजही त्याला तोडतं. तुमचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे की स्फटिक वाढायला ठेवलेला थेंब, त्यावर ॲनालॉगची निवड बदलते.

आता उलटी तक्रार: प्रोटीन ढिम्म

पहिला प्रश्न: खिसा रिकामा होता का? रास हे जीटीपी-जीडीपी बांधणारं प्रोटीन जीडीपीला दहा-वीस पिकोमोलरच्या ताकदीने धरून बसतं. मॅग्नेशियम असताना ते सोडायला तास लागतात. दहापट ॲनालॉग ओतून अर्धा तास थांबल्याने काही होत नाही. शुद्ध केलेल्या प्रोटीनचं २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर पाहा. नुसत्या प्रोटीनला ते ०.६ च्या आसपास असतं. बरंच वर असेल तर न्यूक्लिओटाइड आत आहे. मग मॅग्नेशियमपेक्षा जास्त ईडीटीए घालून पकड सैल करा, ॲनालॉग दहापट तरी द्या, शेवटी भरपूर मॅग्नेशियम घालून दार बंद करा आणि डीसॉल्टिंग कॉलममधून काढा. त्याहून पक्की पद्धत म्हणजे २०० मिलिमोलर अमोनियम सल्फेट आणि मण्यांवर बांधलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज: बाहेर पडणारं जीडीपी फॉस्फेटेज खाऊन टाकतं, परतीची वाट राहत नाही. जीएमपी-पीसीपी या फॉस्फेटेजला चांगलंच पुरून उरतं. जीएमपी-पीएनपी वापरत असाल तर मणी वेळेवर काढा. शेवटी आत काय बसलं ते एचपीएलसीवर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासाठी प्रोटीन तटस्थ बफरमध्येच ९५ अंशांवर उकळून गाळा. इथेही आम्ल नको.

दुसरा प्रश्न पकडीचा. गॅमा फॉस्फेटचा पीकेए (ज्या पीएचला अर्ध्या रेणूंचा शेवटचा प्रोटॉन सुटलेला असतो तो आकडा) एटीपीत सुमारे ७.१, एएमपी-पीएनपीत ७.७, एएमपी-पीसीपीत ८.२ च्या वर. म्हणजे पीएच ७ ला एटीपीच्या अर्ध्याच्या आसपास रेणूंवर पूर्ण ऋणभार असतो, एएमपी-पीसीपीच्या जेमतेम काहींवर. पीएच ८ कडे नेलं की पकड सुधारते का ते पाहा, अर्थात प्रोटीनला ते मानवत असेल तर. शिवाय सीएच२ हायड्रोजन बंध स्वीकारू शकत नाही आणि कोनही अरुंद असतो, म्हणून एएमपी-पीसीपी बहुतेक ठिकाणी सर्वांत सैल बसतं. एटीपीची मात्रा जशीच्या तशी ठेवून फक्त बाटली बदलली तर खिसा अर्धा रिकामा राहणार. बंधन स्थिरांक आधी मोजा, मग मात्रा ठरवा.

तिसरा, पेशींच्या अर्कात काम करणाऱ्यांसाठी. १९८५ मध्ये स्कॉट ब्रॅडी आणि रेमंड लासेक यांनी स्क्विडच्या ॲक्सोप्लाझममध्ये (चेतातंतूच्या आतल्या द्रवात) एएमपी-पीएनपी घातलं तेव्हा माल घेऊन धावणाऱ्या सूक्ष्म पिशव्या मायक्रोट्युब्यूलवर जागच्या जागी थिजल्या. पिशव्या ओढणारा मोटर मायोसिन असता तर असं झालं नसतं. त्याच वर्षी रॉन वेल, थॉमस रीझ आणि मायकल शीट्झ यांनी तो मोटर वेगळा काढला: कायनेसिन. एएमपी-पीएनपीत मायक्रोट्युब्यूलला चिकटवायचं, एटीपीने सोडवायचं, ही युक्ती आजही चालते. ती फसते तेव्हा कारण बहुधा अर्कातलं स्वतःचं एटीपी असतं. ते आधी हेक्सोकायनेज-ग्लुकोज किंवा एटीपी तोडणाऱ्या अपायरेजने संपवा.

बसला, तुटत नाही, तरी अवस्था वेगळी

सगळं तपासूनही निकाल एटीपीशी जुळत नसेल तर ॲनालॉगच दुसरी अवस्था पसंत करतोय असं धरा. फॉस्फरस-३१ एनएमआरमध्ये जीएमपी-पीएनपी घेतलेलं रास दोन अवस्थांत वाटलेलं दिसतं, त्यातली एक इफेक्टरला, म्हणजे रास ज्याला पुढे संदेश देतं त्या प्रोटीनला, नीट धरत नाही. जीटीपी-गॅमा-एस घेतलेलं रास मुख्यतः दुसरीत, म्हणजे चांगलं धरणाऱ्या अवस्थेत असतं. एकच प्रोटीन, दोन बाटल्या, दोन वेगळे बंधन स्थिरांक. म्हणून किमान दोन ॲनालॉगांनी पाहिल्याशिवाय 'जीटीपी अवस्था' असं लिहू नये असं माझं ठाम मत आहे. दुसरीकडे, एफ१-एटीपेजच्या (पेशीत एटीपी बनवणाऱ्या यंत्राच्या भागाच्या) १९९४ च्या रचनेत एका बीटा घटकात एएमपी-पीएनपी, दुसऱ्यात एडीपी आणि तिसरा रिकामा असं चित्र मिळालं आणि फिरणाऱ्या यंत्रणेची कल्पना पक्की झाली. योग्य जागी हा रेणू किती देऊ शकतो त्याचं हे उदाहरण.

तुटण्याच्या ऐन क्षणाची अवस्था हवी असेल तर ॲनालॉग सोडून एडीपीसोबत ॲल्युमिनियम फ्लोराइड घ्या, तुटण्याआधीची हवी तर बेरिलियम फ्लोराइड. एडीपीच घालायचं, एएमपी-पीएनपी नाही. गॅमाची जागा मोकळी नसेल तर फ्लोराइड बसणार कुठे? नळ्या प्लास्टिकच्या, द्रावण ताजं, आणि बेरिलियम विषारी आहे म्हणून हातमोजे व वेगळा कचरा. फॉस्फेटची नक्कल करणारं व्हॅनाडेट वापरणार असाल तर ते पिवळं असताना वापरू नका. पीएच १० ला उकळून, थंड करून, पुन्हा पीएच बांधून, रंगहीन राहीपर्यंत हे करा.

साठवणीबद्दल एवढंच: पार्सल विमानतळावर अडकून कोरडा बर्फ संपलेला असेल तर बाटली परत पाठवण्याआधी एचपीएलसी करा, अंदाज नको. स्टॉक पीएच ७.५ ते ८ ला बांधून, छोट्या नळ्यांत, उणे ८० ला. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या उणे २० च्या फ्रिजरमध्ये तापमान वरखाली होत राहतं, तिथे नको. मात्रा वजनावरून ठरवू नका, पाणी आणि क्षार किती आहेत ते बाटलीगणिक बदलतं. ॲडेनीनवाल्यांसाठी २५९ नॅनोमीटरला १५,४०० आणि ग्वानीनवाल्यांसाठी २५२ ला १३,७०० हा मोलर शोषणांक धरून शोषणावरून काढा. आणि वहीत ॲनालॉगच्या नावापुढे बॅच क्रमांक, उघडल्याची तारीख आणि त्या दिवशीचा क्रोमॅटोग्राम चिकटवा. पुढच्या वेळी कुणी हिरवी प्लेट घेऊन आलं की पहिल्यांदा तेच पान उघडायचं आहे.